जिनोम म्हणे २००३ सालीच संपला!

रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असलेलं एक लांबलचक पुराण, आणि खाली तिचं एकच वाक्य : ‘मावशी, हे खरं असेल तर मी पीएचडीचा अर्ज मागे घेते.’

पुराणाचं नाव ‘जिनोमिक्स आणि कॉम्प्युटेशनल बायोलॉजीत करिअर करू पाहणाऱ्यांसाठी पाच कटू सत्यं’. जिनोम म्हणजे पेशीतल्या डीएनएत चार अक्षरांत लिहिलेला सगळा मजकूर; तो वाचायचं आणि संगणकाच्या मदतीने त्याचा अर्थ लावायचं हे क्षेत्र. लेखकाचं नाव नाही, ‘एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाचे अनुभवाचे बोल’ एवढीच सही. माझ्याकडे ते याआधी तीन ग्रुपांतून येऊन गेलं होतं आणि तिन्ही वेळा मी ते हसून सोडून दिलं. पण आता पोरगी अर्ज मागे घ्यायला निघाली म्हटल्यावर लिहिणं आलं.

सत्य पहिलं : ‘मानवी जिनोम २००३ सालीच पूर्ण वाचून झाला, नवं काही उरलेलं नाही.’ २००३ साली संपला तो जिनोम वाचायचा प्रकल्प, जिनोम नव्हे. जवळपास ८ टक्के भाग तेव्हा वाचताच आला नव्हता. गुणसूत्राच्या कमरेजवळ आणि इतरही काही ठिकाणी तीच ती अक्षरं हजारो वेळा येतात, आणि यंत्रं तेव्हा जिनोम बारीक तुकड्यांतच वाचत. गाण्याच्या वहीच्या चिंध्या झाल्या आणि हातात नुसतं ध्रुवपद लिहिलेला कपटा आला, तर तो कितव्या कडव्यानंतरचा हे कसं ओळखणार? लांबच लांब तुकडे सलग वाचणारी यंत्रं आली, ते तुकडे जुळवणारे प्रोग्राम लिहिले गेले, तेव्हा कुठे २०२२ साली ३०५ कोटी अक्षरांचा सलग जिनोम छापून आला. त्यात सुमारे २० कोटी अक्षरं नवी होती. वाय गुणसूत्राला २०२३ उजाडलं. तोवरच्या प्रमाण प्रतीत त्याचा निम्म्याहून जास्त भाग कोराच होता. आणि हे झालं नुसतं वाचन. अर्थ लावायचं काम तर पुढेच पडलंय.

आता क्रम मोडून थेट चौथ्यावर येते, कारण खरं विष तिथे आहे. ‘हे लोक स्वतः काही शोधत नाहीत. दुसऱ्यांनी घाम गाळून काढलेला डेटा घेतात, सॉफ्टवेअरचं बटण दाबतात आणि पेपर छापतात.’

ही कुजबुज जुनीच आहे. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या संपादकीयात दुसऱ्यांचा डेटा वापरणाऱ्यांसाठी ‘संशोधनातले परजीवी’ असा शब्द आला होता. त्यावर या क्षेत्रातल्या लोकांनी त्याच नावाचा पुरस्कार सुरू करून टाकला. असो.

बटण दाबून काय मिळतं त्याचा एकच नमुना सांगते. टार्डिग्रेड नावाचा आठ पायांचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा प्राणी आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात त्याचा जिनोम छापून आला. त्यातली सुमारे १७.५ टक्के, म्हणजे जवळपास दर सहातलं एक जनुक परकं, बहुतेक जिवाणूंकडून आलेलं, असा दावा होता. जगभर बातम्या झाल्या. एडिंबराच्या एका गटाने योगायोगाने त्याच प्राण्याचा जिनोम वाचून ठेवला होता, आणि त्यांना असं काही दिसलेलं नव्हतं. त्यांनी दोन्हीकडचा डेटा शेजारी ठेवून एक साधा प्रश्न विचारला : प्रत्येक तुकडा किती वेळा वाचला गेलाय? प्राण्याचा स्वतःचा डीएनए असेल तर सगळे तुकडे साधारण सारख्या वेळा यायला हवेत. ही ‘परकी’ जनुकं ज्या तुकड्यांवर होती, त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांचा हिशेब भलताच होता. ती जनुकं टार्डिग्रेडची नव्हतीच, नमुन्यात सोबत आलेल्या जिवाणूंची होती. आकडा उतरून एक-दोन टक्क्यांवर आला. बटण दोन्ही गटांनी दाबलं होतं. फरक पडला तो आलेल्या उत्तरावर संशय घेण्याने.

माझ्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या काळातलीही एक गोष्ट आहे. रुग्णांच्या नमुन्यांमधला आरएनए, म्हणजे कोणतं जनुक किती जागं आहे त्याची खूण, मोजून डेटा माझ्याकडे आला. प्रोग्राम एकही चूक न दाखवता चालला, आलेख तर भिंतीवर लावावा इतका देखणा. पुढे जाण्याआधी सवयीने एक्सआयएसटी हे जनुक पाहिलं. दोन एक्स गुणसूत्रं असलेल्या पेशींत ते एका एक्सला गप्प बसवतं, म्हणजे स्त्रीच्या नमुन्यात ते दिसतं आणि पुरुषाच्या नमुन्यात जवळपास शून्य. माझ्याकडे ‘पुरुष’ लिहिलेल्या एका नमुन्यात ते भरभरून, आणि ‘स्त्री’ लिहिलेल्या एकात त्याचा पत्ता नाही, उलट वायवरची जनुकं जागी! नळ्यांची अदलाबदल. हे शोधायचं बटण मेनूत कुठे असतं ते त्या ज्येष्ठांनी मला जरूर सांगावं.

मधली दोन भराभर उरकते. दुसरं : ‘बायोलॉजीवाल्याला गणित येत नाही, गणितवाल्याला बायोलॉजी, एक ना धड भाराभर चिंध्या.’ मार्गारेट डेहॉफ यांची पीएचडी क्वांटम केमिस्ट्रीतली. १९६५ साली त्यांनी प्रथिनांच्या क्रमांचा पहिला संग्रह काढला आणि प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची एकाक्षरी खूणही त्यांचीच. जिम केंट आधी कॉम्प्युटर ॲनिमेशनचे प्रोग्राम लिहायचे. २००० साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर पीएचडीचे विद्यार्थी असताना, त्यांनी महिनाभरात प्रोग्राम लिहून मानवी जिनोमचे तुकडे जुळवले. मनगटं सुजायची, बर्फ लावून पुन्हा बसायचे. चिंध्या म्हणे!

तिसरं : ‘एआयने सगळं सोडवलं.’ अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने प्रथिनांचे आकार सांगितले, हे खरंच मोठं काम. पण ते शिकलं कशावर? १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत माणसांनी एकेक करून जमा केलेल्या रचनांवर. आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते प्रथिनांचं गणित संगणकावर मांडणाऱ्यांनाच. संपलेल्या क्षेत्राचं कौतुक जरा जास्तच झालं म्हणायचं.

राहिलं पाचवं : ‘कायमची नोकरी मिळत नाही.’ इथे मात्र जीभ चावावी लागते. प्राध्यापकीच्या जागा थोड्या, पोस्टडॉक दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या करारावर, आणि विश्लेषण करणाऱ्याचं नाव लेखकांच्या यादीत मधेच कुठेतरी अडकतं. मीही अडकलेय. पण कायमच्या जागांची ही टंचाई एकट्या जिनोमिक्सची नाही, प्रयोगशाळेत उभं राहून काम करणाऱ्यांचीही तीच रड आहे. उलट प्रोग्राम लिहिता येणाऱ्याला बाहेर निदान चार दारं जास्त असतात. ही अर्धी गोष्ट त्या पुराणात नाही.

एवढं सगळं रात्री दीडला तिला पाठवलं. सकाळी उत्तर आलं. अर्जाबद्दल अवाक्षर नाही, नुसताच प्रश्न : ‘मावशी, पण त्या नळ्या बदलल्या कशा?’

सहा आणि नऊ नंबरच्या नळ्या होत्या, बाळा. झाकण गोल, आकडे इंग्रजी, आणि खाली रेघ मारायची राहून गेली होती.