पास झालं नाहीये रे, नुसतं मांडलंय

परवा रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "आनंदाची बातमी!! ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन उचलायची सक्ती नाही, कायदा पास!!" खाली टाळ्यांचा पाऊस. माझा पुतण्या हिंजवडीत आयटीत आहे, त्याने तोच मेसेज मला वेगळा पाठवला, वर लिहिलं, "काकू, आता बघ, सातनंतर लॅपटॉपला हातच लावत नाही." मी म्हटलं अरे राजा लाव हात, नाहीतर पुढच्या महिन्यात तुझी आईच मला फोन करेल.

मी काही वकील नाही. बावीस वर्षं शिवाजीनगर कोर्टाजवळ डीटीपीचं काम करते, प्रतिज्ञापत्रं, जामीन अर्ज, भाडेकरार, वाटणीपत्रं. पण टाईप करता करता वाचलं जातंच आणि एक खोड लागते, की ठळक अक्षरातलं सोडायचं आणि "परंतु", "तथापि", "च्या अधीन राहून" कुठे आलंय ते आधी शोधायचं. वरच्या ओळीत उजव्या हाताने दिलेलं असतं ते बऱ्याचदा खाली डाव्या हाताने परत घेतलेलं असतं. हीच खोड घेऊन मी हल्ली संसदेत येणारी बिलं वाचते. मोबाईलवर पीडीएफ उघडायची, चष्मा लावायचा आणि बसायचं. नवरा म्हणतो तुला दुसरे छंद नाहीत का. नाहीत.

तर ते फोनवालं बिल. राइट टू डिसकनेक्ट. आम्ही धायरीकर म्हणजे बारामती लोकसभा मतदारसंघात येतो, आमच्याच खासदार सुप्रियाताई सुळे यांनी ५ डिसेंबर २०२५ला ते लोकसभेत मांडलं, आणि आधीही एकदा मांडलं होतं. कामाच्या वेळेनंतर आलेला फोन किंवा मेल न घेण्याचा हक्क, त्यावरून कारवाई नाही, आणि कंपनीने नियम मोडला तर एकूण पगाराच्या एक टक्का दंड, असं साधारण आहे. मला पटतं ते. पण हे प्रायव्हेट मेंबर बिल आहे, म्हणजे मंत्र्याने नाही, साध्या खासदाराने मांडलेलं. अशा बिलांवर शुक्रवारी दुपारी चर्चा होते, आणि स्वातंत्र्यापासून आजपर्यंत अशी फक्त १४ बिलं कायदा झालीत, शेवटचं १९७० साली. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. म्हणजे बिल मांडणं निरुपयोगी असं नाही, विषय तरी टेबलावर येतो, पण त्याच्या जिवावर लॅपटॉप बंद करू नये.

गंमत पुढेच आहे. हे फेक फॉरवर्ड नाचवणाऱ्या माझ्या पुतण्याला, २१ नोव्हेंबर २०२५पासून चार लेबर कोड, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेले नवे कायदे, खरोखर लागू झालेत हे माहीतच नव्हतं. त्यातला एक २०१९ला पास झालेला, बाकीचे तीन २०२०ला, इतकी वर्षं नुसते पडून होते. आता त्यात पगाराची व्याख्या बदललीये, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग 'वेतन' म्हणून धरायचा, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं गणित हलणार. मी विचारलं, तुझ्या स्लिपवर बेसिक किती? म्हणाला बघावं लागेल. घ्या! जे झालं नाही त्याच्या टाळ्या, जे झालं त्याचा पत्ता नाही.

माझी तक्रार नेमकी इथेच आहे. "पास झालं" आणि "लागू झालं" यात पाच-सहा वर्षं जाऊ शकतात, आणि "मांडलं" आणि "पास झालं" यात कधी तीन दिवस. आपण भांडतो नेहमी चुकीच्या टप्प्यावर. आधी खात्याचा मसुदा निघतो, त्यावर लोकांच्या सूचना मागवायच्या, मग मंत्रिमंडळ, मग सभागृहात मांडणं, मग वाटलं तर बिल तपासायला खासदारांची समिती, मग दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची सही, आणि तरीही बिलाच्या अगदी पहिल्या कलमात एक छोटं वाक्य असतं की केंद्र सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून हा कायदा अमलात येईल. हे वाक्य मी कायम आधी शोधते. महिला आरक्षण २०२३ला झालं, आम्ही कोर्टाच्या आवारात पेढे वाटले, आणि आत वाचलं तर आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. जनगणनेची तारीखच १ मार्च २०२७. पेढे कधीच पचले.

आता याच्या उलट. ऑनलाईन पैशाच्या गेम्सवर बंदीचं बिल २० ऑगस्ट २०२५ला लोकसभेत आलं आणि त्याच दिवशी पास, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. मला बंदी हवीच होती, आमच्या दुकानासमोरच्या स्टँडवरचा एक रिक्षावाला या नादात रिक्षा घालवून बसलाय, त्याचं प्रतिज्ञापत्र मीच टाईप केलं. पण तीन दिवसांत ते वाचलं कोणी? कायदा चांगला आहे म्हणून घाई चालते असं एकदा धरलं की वाईट कायद्यालाही तीच घाई चालते.

आणि डिसेंबर २०२५चं हिवाळी अधिवेशन तर बघा. अणुऊर्जेत खाजगी कंपन्या, इन्शुरन्समध्ये शंभर टक्के परदेशी गुंतवणूक आणि मनरेगाच्या जागी नवा कायदा, सगळं शेवटच्या आठवड्यात. मनरेगावर मी जरा थांबणार, कारण ही योजना मुळात आपल्या महाराष्ट्राची. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांनी पुढे रेटलेली रोजगार हमी, तिच्यावरून पुढे देशाचा कायदा झाला. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, हाताची नखं गेलेली ती अजून सांगते. नव्या कायद्याची हेडलाईन आहे १०० ऐवजी १२५ दिवस काम. छान. आता खाली या. वर्षातले साठ दिवस पेरणी-कापणीच्या काळात काम बंद ठेवायची तरतूद. मजुरीचा पैसा आधी सगळा केंद्राचा होता, आता बहुतेक राज्यांना खर्चाचे चाळीस टक्के द्यायचेत. आणि राज्याला किती रक्कम ते केंद्र आधी ठरवणार, त्यावर गेलं तर राज्याने भरायचं. आता तिजोरीत खडखडाट असलेलं राज्य सव्वाशे दिवस काम काढेल का, हे तुम्हीच सांगा. १६ डिसेंबरला मांडलं, १८च्या मध्यरात्रीपर्यंत दोन्हीकडून पास. विरोधक समितीकडे पाठवा म्हणत होते, नाही पाठवलं.

समितीने होतं काय, असं ग्रुपवर एका काकांनी विचारलं. सांगते. नवा इन्कम टॅक्स कायदा घ्या, १९६१च्या जुन्याच्या जागी, १ एप्रिल २०२६पासून लागू. फेब्रुवारी २०२५मध्ये जे बिल आणलं त्यात असं होतं की रिटर्न मुदतीनंतर भरलं तर रिफंड नाही. तुमचाच पैसा, जास्त कापलेला, आणि उशीर झाला म्हणून गेला! खासदारांच्या निवड समितीने ते काढायला सांगितलं, ऑगस्टमध्ये सरकारने जुनं बिल मागे घेऊन दुरुस्त बिल आणलं आणि ती अट गेली. काका दरवर्षी रिटर्न उशिरा भरतात, त्यामुळे त्यांना समितीचं महत्त्व लगेच कळलं.

डिसेंबर २०२५मध्ये समितीत काय काय होतं? यूजीसी, एआयसीटीई आणि एनसीटीई या कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या संस्था मोडून एकच संस्था करायचं बिल होतं, पुण्यात कॉलेजं इतकी की प्रत्येक घरात कोणीतरी यात अडकलेलं असणार, पण ते मी अजून अर्धंच वाचलंय म्हणून बोलत नाही. १३०वी घटनादुरुस्ती होती. मंत्री, मुख्यमंत्री, अगदी पंतप्रधानसुद्धा, पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिले की एकतिसाव्या दिवशी पद गेलं. ऐकायला झकास. पण त्यात शब्द "दोषी" नाहीये, "कोठडीत" आहे. आणि मी जामीन अर्ज टाईप करणारी बाई आहे हो. तारीख, म्हणणं मागवलं, सरकारी वकील नाहीत, परत तारीख, साध्या माणसाचे तीस दिवस कसे जातात ते मी रोज बघते. ईडीच्या केसमध्ये तर जामिनाच्या अटीच इतक्या कडक की महिना काहीच नाही. भ्रष्ट मंत्री जावा असं मलाही वाटतं, पण ज्याच्या हातात अटक त्याच्याच हातात खुर्ची, हे मला नको, मग दिल्लीत कुणीही असो.

एक देश एक निवडणूक, १२९वी घटनादुरुस्ती, हेही तेव्हा समितीतच. इथे पुण्यात १५ जानेवारी २०२६ला महापालिकेचं मतदान होतं, प्रचाराच्या रिक्षा फिरायला लागल्या आणि लोक म्हणायला लागले हे एकदाच होऊन जाऊ दे. अहो, त्या बिलात महापालिका नाहीच! लोकसभा आणि विधानसभा एवढंच. एकत्र निवडणुकांचा विचार करायला नेमलेल्या कोविंद समितीने महापालिका-पंचायती शंभर दिवसांच्या आत घ्या म्हटलं होतं, बिलात ते आलंच नाही. शिवाय मध्येच विधानसभा बरखास्त झाली तर नवीन निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीपुरती, म्हणजे खर्च वाचवायला एकत्र घ्यायच्या आणि दोन वर्षांसाठीही परत घ्यायच्या. डिसेंबर २०२४मध्ये मांडतानाच्या मतदानात बाजूने २६९, विरोधात १९८. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात, त्या हिशोबाने ३१२ हवे होते. त्यामुळे आज-उद्या काही होत नाही. आणि महापालिकेचं म्हणाल तर मार्च २०२२पासून आपल्याकडे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, गटार तुंबलं की सांगायचं कुणाला हाच प्रश्न. माझा त्रास निवडणुका फार होतात हा नाही, होतच नव्हत्या हा आहे.

राहिलं बियाण्याचं. माझे मामा जुन्नरकडे सोयाबीन करतात, एका वर्षी पिशवीतलं निम्मं उगवलंच नव्हतं. १९६६च्या कायद्याच्या जागी नव्या बियाणे कायद्याचा मसुदा नोव्हेंबर २०२५मध्ये आला, सूचना ११ डिसेंबरपर्यंत. पाकिटावर क्यूआर कोड, निकृष्ट बियाण्याला मोठा दंड, शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखायची मुभा, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. २०१४पासून केंद्राचं धोरण आहे की मसुदा निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा, आणि इथे ठेवला तोही सोयाबीन काढून रब्बीच्या पेरण्या चाललेल्या असताना. मामांना इंग्रजी येत नाही. पर्यावरणाच्या एका मसुद्याच्या वेळी २०२०मध्ये दिल्ली हायकोर्टाने २२ भाषांत करा म्हणून सांगितलं होतं, पण दरवेळी कोर्टात कोण जाणार. शेवटी मी फोनवर एकेक कलम मराठीत वाचून दाखवलं, ते मधून मधून "थांब, परत सांग" म्हणायचे, मागे म्हैस ओरडत होती. त्यांचं म्हणणं दीड पानात टाईप केलं, मराठीतच, आणि १० तारखेला रात्री अकराला मेल केला.

दोन दिवसांनी मामांचा फोन, "पोचलं का गं?" मी म्हटलं मामा, मेलला निळ्या खुणा येत नाहीत. ते म्हणाले, मग स्पीड पोस्टाने पण टाक, पोचपावती तरी येईल. टाकलंय. पावती अजून आलेली नाही.