पोपट निवडताना आधी सोफ्याचा रंग बघा

पोपट घ्यायचं तुमचं पक्कं झालंय, तेव्हा 'घेऊ नका' सांगण्यात मी वेळ घालवत नाही. प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या जीवनशैलीला कोणता पोपट शोभेल. सकाळी सातला घर सोडायचं, रात्री नऊला परतायचं, आणि मधल्या वेळात घरी कुणीतरी आपली वाट बघतंय या विचारानं विरार लोकलच्या दारात जरा बरं वाटून घ्यायचं, ही तुमची जीवनशैली. पोपट थव्यानं राहतो, दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलत असतो, आणि रात्री त्याला दहा-बारा तास शांत अंधार लागतो. तुमचा टीव्ही साडेअकराला बंद होतो. तेव्हा जोडी उत्तमच जमणार आहे.

सुरुवात अर्थातच आपल्या हिरव्या, लाल चोचीच्या देशी पोपटापासून. गिरगावात मामाकडे होता, 'विठू विठू' म्हणायचा, म्हणजे तो आपल्या संस्कृतीतच बसतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात मात्र बसत नाही. कायदा 1972 चा आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि तेव्हापासून हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. खांद्यावर लाल डाग असलेल्या पहाडी पोपटालाही कायद्याचं संरक्षण आहे, आणि असा पक्षी घरात पाळणं हा गुन्हा आहे. पण तुम्ही कायद्याचं पुस्तक उघडत बसू नका, विक्रेत्याला विचारा. 'सगळेच पाळतात, साहेब,' असं तो सांगेल आणि पिशवीत हात घालून ढोलीतून ओढून काढलेलं पिल्लू दाखवेल. वर 'नर आहे, बोलणारच' अशी हमीही देईल. नराच्या गळ्याभोवतीचा कंठ, म्हणजे रंगीत पट्टा, वयात आल्यावर उमटतो, त्यामुळे तोवर ती हमी कुणालाच खोटी ठरवता येत नाही. तुमच्या खिडकीसमोरच्या पर्जन्यवृक्षावर संध्याकाळी हेच पक्षी डझनांनी येऊन गोंधळ घालतात हे खरं. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पाहुण्यांसमोर काय किंमत?

वन रूम किचन असेल तर बजी घ्या. मुंबईत त्याला सगळे 'लव्हबर्ड' म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि हा ऑस्ट्रेलियातला, पण पिंजऱ्यात गेल्यावर कोण पासपोर्ट विचारतो? तिकडच्या कोरड्या माळावर हे हजारोंच्या थव्यानं उडतात. तुम्ही दोन आणा. पिंजरा गोल घुमटाचा घ्या, फोटोत छान येतो. त्यात सरळ रेषेत उडता येत नाही, घाबरल्यावर पाठ टेकायला कोपरा मिळत नाही. नाहीतरी वन रूम किचनमध्ये तुम्हाला तरी कुठे मिळतो?

आता मुख्य सल्ला. नवरा-बायको दोघं नोकरीला, घर टू बीएचके, मूल दहावीत, अशा कुटुंबानं आफ्रिकन ग्रेच घ्यावा. राखाडी अंग, लाल शेपटी. ग्रे सोफ्याशी असा जातो की इंटिरियरवाला वेगळे पैसे मागेल. शिवाय बुद्धिमान. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या ग्रेला रंग, आकार आणि मोजणी शिकवली होती. अशा डोक्याच्या प्राण्यासाठी प्लॅस्टिकची एक घंटा आणि एक आरसा पुरेसा आहे, दुकानदार दोन्ही पिंजऱ्याबरोबर देतो.

ग्रे बोलतो, हे तर तुम्ही ऐकलंच असेल. काय बोलतो, ते ऐकून ठेवा. 'शुभं करोति' तुम्ही त्याला महिनाभर शिकवाल आणि तो तोंडातून अक्षर काढणार नाही. मात्र तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधली बाई 'कृपया लिफ्ट का दरवाज़ा बंद करें' म्हणते, ते तो तिच्याच आवाजात, तिच्याच चिकाटीनं म्हणेल. कुकरची शिट्टी अशी मारेल की तिसऱ्या शिट्टीला तुम्ही आंघोळ अर्धी टाकून गॅस बंद करायला धावाल. ओट्यावर कुकर नसेलच. त्याला सगळ्यात लवकर पाठ होतं ते जोरात आणि जीव ओतून बोललेलं. तुमच्या घरात जोरात आणि जीव ओतून काय बोललं जातं, ते मी सांगायला नको. सासूबाई चातुर्मासात राहायला येतील, हातात चहाचा कप घेऊन कौतुकानं पिंजऱ्याजवळ जातील, 'काय रे राजा, काय म्हणतोस?' असं विचारतील, आणि तो सुनेच्या हुबेहूब आवाजात सांगेल, 'तुझ्या आईला जायचं तिकीट काढून दे.'

आयुष्याचंही बघा. ग्रे नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षं सहज काढतो. तुमचं गृहकर्ज वीस वर्षांत फिटेल. इमारत तिशी ओलांडेल, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सुरू होतील, बिल्डर बदलेल, तुम्ही भाड्याच्या घरात जाल, आणि भाड्याच्या घराचा मालक 'पाळीव प्राणी नकोत' म्हणेल. या सगळ्याला हा पक्षी साक्षीदार असेल, आणि त्यातलं निवडक लिफ्टवाल्या बाईच्या आवाजात पुन्हा ऐकवेल. तुम्ही आज पंचेचाळिशीत असाल तर त्याला मृत्युपत्रात घाला. मुलगा तोवर कॅनडाला गेलेला असेल. ग्रे 2017 पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सीमेपलीकडे न्यायचा तर परवान्यांची चळत लागते. मुलाचा व्हिसा त्यामानानं पटकन झाला होता. इथेही अशा विदेशी पक्ष्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तसा नियम 2024 मध्ये आला. दुकानदाराला याबद्दल विचारून त्याचा मूड घालवू नका.

वरळीला समुद्र दिसणारा फ्लॅट असलेल्यांनी मकाव घ्यावा. किंमत लाखाच्या घरात, पिसं निळी-पिवळी, आणि आवाज दक्षिण अमेरिकेच्या जंगलात दूरवर पोचावा म्हणून निसर्गानं दिलेला. तो तुमच्या हॉलमध्ये कमी होत नाही. चोच अशी की कठीण कवचाची फळं फुटतात. टीव्हीचा रिमोट, सागवानी चौकट आणि पाहुण्याची करंगळी तिला जड जाणार नाही. बाकी सोसायटीशी तुमचं आधीच पटत नसेल तर मकाव हे पत्रव्यवहारापेक्षा प्रभावी साधन आहे.

देखभाल सोपी आहे. सूर्यफुलाच्या बियांनी वाटी भरून ठेवा, दोन दिवस बघायला नको. नुसत्या बियांवर पोपटाच्या यकृतात चरबी चढते, पण ती बाहेरून दिसत नाही. हिरवी मिरची द्या आणि मुलांना सांगा, 'बघा, किती तिखट खातो!' पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, ही माहिती मुलांपासून लपवा. पंख छाटून घ्या, कारण छताचा पंखा तुम्ही बंद ठेवणार नाही. रविवारी डोशांसाठी नॉनस्टिक तवा चांगला कडकडीत तापवा. जास्त तापलेल्या तव्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, आणि आपल्याकडे स्वयंपाकघर व हॉल यांच्यात हल्ली भिंत नसते.

आजारी पडला तर? पोपट आजार लपवतो. रानात अशक्त दिसलेल्याला शिकारी आधी उचलतो, म्हणून ती सवय. त्यामुळे तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसेपर्यंत तुम्हाला काही कळायचं कारण नाही. मग टॅक्सीत पिंजरा मांडीवर घेऊन परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे डॉक्टरांना सांगायचं, 'काल रात्रीपर्यंत एकदम ठणठणीत होता हो.'

आणि कंटाळ्यानं तो स्वतःचीच पिसं उपटायला लागला, छाती सोलल्यासारखी दिसायला लागली, तर गडबडू नका. बाल्कनीतून सोडून देण्याचा उदार विचारही नको. पाळलेला बजी झाडावर पोचायच्या आत कावळे त्याला गाठतात, आणि ते शेजाऱ्यांना दिसतं. त्यापेक्षा जाहिरात टाका. फोटो जुना लावा, पिसं शाबूत असतानाचा. मजकूर असा: 'अतिशय प्रेमळ, घरात वाढलेला, स्वच्छ बोलणारा. बदलीमुळे देणे आहे. पिंजरा मोफत. फक्त पक्षिप्रेमींनीच फोन करावा.' फोन आला की मात्र स्वयंपाकघरात जाऊन बोला. हॉलमधून बोललात तर खरं कारण पलीकडच्याला पिंजऱ्यातूनच ऐकू जाईल.