चावीच्या घड्याळाला अर्धीच चावी द्यावी, हा सल्ला चुकीचा का आहे

वडिलांचे किंवा आजोबांचे एचएमटीचे घड्याळ कपाटातून काढून पुन्हा मनगटावर बांधणाऱ्यांसाठी एक संदेश बराच फिरतो आहे. त्यात पाच सूचना आहेत : पूर्ण चावी दिल्यास स्प्रिंग तुटते म्हणून अर्धीच द्यावी, चावी उलटी फिरू देऊ नये, घड्याळ चालते आहे तोवर सर्व्हिसिंग करू नये, मागचे झाकण काढून आत रॉकेलचा बोळा ठेवावा, म्हणजे तेल लागत नाही, आणि पाणी शिरल्यास घड्याळ तांदळात पुरून ठेवावे. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये १९६१ साली सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आता या घड्याळांचे सुटे भाग जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातून काढूनच मिळवावे लागतात, आणि म्हणूनच असा सल्ला मला निरुपद्रवी वाटत नाही.

पहिली सूचना सर्वांत जास्त पाळली जाते. घड्याळाला चालवणारी मेनस्प्रिंग ही एका डबीत गुंडाळलेली पातळ पट्टी असते. तिचे आतले टोक मधल्या दांड्याला आणि बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला अडकवलेले असते. चावी पूर्ण झाली की सगळे वेढे दांड्याभोवती घट्ट बसतात आणि चावी आपोआप अडते. घडवणाऱ्याने ठरवलेली मर्यादा तीच आहे; तिथे थांबावे, त्यापुढे जोर लावू नये. जुन्या पोलादी स्प्रिंगा तुटतात हे खरे, पण त्या गंजाने आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने तुटतात. अर्ध्या चावीने त्यांचे आयुष्य वाढते असे मानायला आधार नाही. उलट स्प्रिंग सुटत जाते तसा तिचा जोर कमी होतो, पुढे-मागे झुलून वेळ मोजणाऱ्या बॅलन्स चाकाचा झोका लहान होतो आणि घड्याळ आडवे आहे की उभे, यानेही वेळेत फरक पडू लागतो. रोज अर्धीच चावी देणारा माणूस आपले घड्याळ दिवसभर त्याच्या सर्वांत अशक्त अवस्थेत चालवत असतो.

हा समज आला कुठून, तेही पाहायला हवे. बंद पडलेले घड्याळ हातात घेतले की पुष्कळदा त्याची चावी पूर्ण भरलेली आढळते, आणि जास्त चावी दिल्यानेच ते बंद पडले असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात तेल सुकल्यामुळे चाके अडलेली असतात, आणि चाके फिरत नाहीत म्हणून स्प्रिंग भरलेली राहते. कारण आणि परिणाम यांची येथे उलटापालट झाली आहे.

चावी उलटी फिरवल्याने काही बिघडत नाही. आतला खटका नुसता कटकटतो.

सर्व्हिसिंगविषयीची सूचना मात्र खरोखर घातक आहे. एचएमटी जनतासारख्या घड्याळाचे बॅलन्स चाक तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला १५ कोटींहून अधिक. या चाकाच्या दांड्याची टोके साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात आणि माणकांच्या खळग्यांतल्या तेलाच्या थेंबावर फिरतात. ते तेल सुकले, त्यात धूळ मिसळली, की त्याचा पॉलिश पेपरासारखा लेप होतो आणि घड्याळ चालू असतानाच टोके झिजत राहतात. थोडक्यात, ते चालते आहे हा त्याच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे. नियमित वापरातले जुने घड्याळ तीन ते पाच वर्षांनी पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले घड्याळ तर रोज बांधू लागण्याआधीच घड्याळजींकडे न्यावे.

रॉकेलचा बोळा भिंतीवरच्या जुन्या घड्याळांत ठेवण्याची पद्धत होती, तिथूनच तो मनगटावरच्या घड्याळात आला असावा. रॉकेलने तेल पातळ होऊन जागचे पसरते, म्हणजे जिथे हवे तिथून जाते आणि जिथे नको तिथे पोहोचते. ते हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्स चाकाला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर गेले तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागते. (मोबाइलच्या स्पीकरजवळ किंवा लोहचुंबकाच्या बटणाच्या पाकिटाजवळ ठेवलेले घड्याळही असेच पुढे जाऊ शकते, तेव्हा चुंबकत्व काढून घेणे पुरते.) शिवाय न उघडण्याचा आग्रह धरणाऱ्या संदेशानेच झाकण काढायला सांगावे, हे विसंगत आहे.

पाणी शिरल्यावर तांदळाचा उपयोग नाही, कारण घड्याळाच्या बंद आवरणाच्या आतला ओलावा तांदूळ ओढून घेऊ शकत नाही, आणि तो वेळ गंजाला मिळतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसली तर घड्याळ त्याच दिवशी उघडून घ्यावे. स्टेम, म्हणजे चावीची दांडी, गंजली तर नवी घालता येते, पण मशीनच गंजले तर दुसरे घड्याळ मोडूनच भाग आणावे लागतात.