शक्तिमान म्हातारा होत नाही, मुकेश खन्ना होतात

काल रात्री आमच्या दादाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर ढकलला आणि खाली स्वतःची भर घातली, "शंभर टक्के सहमत. सगळ्यांनी पुढे पाठवा." हा माणूस भाजीवाल्याचा हिशेबही दोनदा तपासतो, म्हणून जास्त चिडचिड झाली. आत्येने हात जोडले, दोन मेव्हण्यांनी अंगठे दाखवले. सकाळपर्यंत तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवरही पोचला होता.

गोषवारा असा. शक्तिमान परत आलाच पाहिजे आणि तो मुकेश खन्नांनीच केला पाहिजे. का, तर शक्तिमान योगी आहे आणि योग्याला वय नसतं. मूळ मालिका खोट्या बातम्या पेरून सरकारने बंद पाडली, त्या अन्यायाची भरपाई व्हायला हवी. हॉलिवूडमध्ये सत्तरीचे नट सुपरहिरो होतात, मग आपल्याकडे का नको? दुसरा चेहरा प्रेक्षक स्वीकारणारच नाहीत. आणि शेवटी नेहमीचं तुणतुणं, आजची मुलं बिघडली आहेत, त्यांना वाचवायला खन्नाच हवेत.

सगळ्यात अचाट मुद्दा पहिला. कुंडलिनी जागृत झालेली, सातही चक्रं फिरतायत, पंचमहाभूतांची शक्ती अंगात, तेव्हा शक्तिमानला म्हातारपण नाही. बरं, नाही. पण दादा, पात्राला म्हातारपण नसेल तर पडद्यावर ते तरुणच दिसायला हवं ना? म्हणजे हा युक्तिवाद दुसरा, तरुण नट घ्या असं सांगतो. मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय आणि खाली टाळ्यांच्या चिन्हांची रांग लावलीय. खन्नांची कुंडलिनी कॅमेऱ्याला दिसत नाही, गुडघे दिसतात.

आणि वयाचं म्हणशील तर खन्नांचीच कारकीर्द बघ. 1988 मध्ये बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मध्ये ते भीष्म झाले तेव्हा तिशीत होते. पांढरी दाढी, पांढरे केस, तो खर्जातला आवाज, आणि अख्ख्या देशाने त्यांना पितामह मानलं. दाढी चिकटवून वय वाढवता येतं. उतरवण्याचा डिंक अजून निघालेला नाही. 13 सप्टेंबर 1997 ला 'शक्तिमान' दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. तारांना लटकून उडणं, गरगर फिरणं, तो अंगाला घट्ट बसणारा मरून-सोनेरी पोशाख, हे सगळं तेव्हाही सोपं नसणार. त्यांचा जन्म 1958 चा. पुढचा हिशेब तू करशीलच.

आता गंमत ऐक. ज्यांच्यासाठी हा मजकूर गळा काढतोय त्यांनी या विषयावर स्वतःच खुलासा केलेला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये खन्ना शक्तिमानच्या पोशाखात एका व्हिडिओत दिसले. स्वातंत्र्यसैनिकांवरचं गाणं होतं. 'शक्तिमान परत येतोय' अशी हवा झाली, आणि लोकांनी त्या पोशाखावरून आणि वयावरून त्यांची यथेच्छ टिंगलही केली. त्यानंतर त्यांनी सांगितलं, की पुढचा शक्तिमान मीच असेन हे जगाला पटवायला मी आलेलो नाही. मी शक्तिमान आहेच, पण नव्या चित्रपटात दुसराच कुणीतरी असेल. आपल्याला कोण चालणार नाही, हे त्यांनी त्याआधीही ठणकावून सांगितलं होतं. रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं तेव्हा तर फारच. थोडक्यात, त्यांचं भांडण पुढचा कोण असावा याबद्दल आहे. आणि आपली जनता त्यांच्या वतीने, त्यांनीच न मागितलेली भूमिका त्यांना मिळवून द्यायला निघालीय.

शिवाय ते एकदा परत येऊन गेलेत! 2013 मध्ये पोगोवर 'हमारा हीरो शक्तिमान' नावाचा टेलिफिल्म दाखवला गेला, त्यात शक्तिमान तेच होते. ग्रुपवर विचार, किती जणांना आठवतोय.

दुसरा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारने मालिका बंद पाडली म्हणे, आणि मुलांच्या अपघातांच्या सगळ्या बातम्या म्हणजे कट. तारखा बघ. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी उंचावरून उड्या मारल्या, अंगाला काडी लावून घेतली, अशा बातम्या नव्वदीच्या शेवटी आल्या. मालिका चालली मार्च 2005 पर्यंत. बंदी आली असती तर मधली इतकी वर्षं दर आठवड्याला कोण उडत होतं? बंद पडण्याचं जे कारण खन्नांनी मुलाखतींत सांगितलंय ते अगदी रुक्ष आहे, पैसे. वेळ मिळावी म्हणून निर्मात्यालाच दूरदर्शनला पैसे भरावे लागत. सुरुवातीला भागामागे 3 लाख 80 हजार, शनिवार सकाळ आणि मंगळवारवरून मालिका रविवारी आली तेव्हा दुप्पट, आणि पुढे तो आकडा 10 लाखांच्या वर गेला. परवडेना, थांबवलं. यात कट कुठे आहे?

अपघातांच्या बातम्यांपैकी किती खऱ्या होत्या यावर तेव्हाही वाद होता. खन्नांनी त्या फेटाळल्या होत्या, हे मान्य. पण म्हणून 'काही झालंच नाही, सगळं बनावट' असं आज मुलांच्या आईबापांना सांगायचं? मालिकेनेच पडद्यावरून मुलांना बजावलं होतं, की हे खोटं असतं, घरी करू नका. धोका आहे हे करणाऱ्यांना कळत होतं. पंचवीस वर्षांनी आपण त्यांच्यापेक्षा बेफिकीर व्हायचं काही कारण नाही. टॉवेल गळ्यात बांधून माळ्यावरून उडी मारणारी कार्टी आपल्याच वाड्यात होती, दादा. त्यातलं एक तू होतास.

हॉलिवूडचं पटकन उरकतो. मायकल कीटन 2023 मध्ये 'द फ्लॅश'मध्ये सत्तरी ओलांडून बॅटमॅन झाला, खरं आहे. पण तिथे कथेतच तो निवृत्त, म्हातारा बॅटमॅन आहे, आणि नायक दुसराच आहे. एवढं करून चित्रपट आपटला. ह्यू जॅकमनने 2024 मध्ये पंचावन्नाव्या वर्षी वुल्व्हरिन केला आणि त्या चित्रपटाने 130 कोटी डॉलरच्या वर कमावले, हेही खरं. मान्य करावंच लागेल, वय झालं म्हणजे दार बंद असं नाही. पण त्याच जॅकमनचा 2017 चा 'लोगन' थकलेल्या, दुखऱ्या शरीराचा वुल्व्हरिन दाखवतो, म्हणून तर तो लोकांच्या मनात घर करून राहिला. हे लोक वय कथेत घेतात. आपला मजकूर ते योगाने पुसायला निघालाय.

चेहरा बदलला तर प्रेक्षक स्वीकारत नाहीत? याच मालिकेत नायिका, पत्रकार गीता विश्वास, सुरुवातीला किटू गिडवानी होती, नंतर वैष्णवी महंत आली. आपण कुणी टीव्ही फोडला नाही. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांचे चेहरे किती बदलले ते तर सोडूनच दे. यात खन्नांचं एक म्हणणं मात्र मला, नाइलाजाने का होईना, पटतं. ही भूमिका कुठल्याही चलती असलेल्या नटाच्या अंगावर कपड्यासारखी चढवता येणार नाही. त्या माणसाच्या बोलण्यात वजन लागतं, नाहीतर 'छोटी छोटी मगर मोटी बातें', म्हणजे मालिकेतले ते मुलांसाठीचे चांगल्या सवयींचे धडे, सांगताना मुलं फिदीफिदी हसतील. सोनी पिक्चर्सने 2022 मध्ये चित्रपटाची घोषणा केली, त्यांनी निदान एवढं तरी ऐकावं.

राहिली बिघडलेली पिढी. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा लावली होती. आमच्याकडे दादा, वहिनी आणि मी डोळे लावून बसलो होतो, पोरं दहा मिनिटांत उठून गेली. यावर आणखी काय लिहू.

खन्नांना पडद्यावर बघायचंच असेल तर मला गंगाधर द्या, शक्तिमान ज्याच्या रूपात लपून राहायचा तो वेंधळा माणूस. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, आता सत्तरीला आलेला, दात तसेच पुढे, केसांना तसंच चोपडलेलं तेल, वर्तमानपत्राच्या कचेरीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून नव्या पोराची बातमी नाक मुरडत तपासतोय, आणि तो नवा पोरगाच रात्री उडतोय हे त्याला एकट्यालाच माहीत आहे. विनोदाची समज या माणसाला होतीच, ती वयाने जात नाही. हे कुणी लिहिलं तर पहिल्या दिवसाची तिकिटं मी काढतो, दादाचंसुद्धा.