टेम्पोची क्लच वायर आणि मार्कचा तिसरा अध्याय

नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीला लागून कट्टा आहे, तिथं आम्ही चार-पाच जण रोज संध्याकाळी असतोच. परवा गॅरेजवाला आला तो बसलाच नाही. म्हणला, त्या काकांनी माफी मागितल्याशिवाय मी चर्चची पायरी चढणार नाही, लिहून घ्या.

झालं असं की रविवारी सकाळी हा उपासनेला निघाला होता, कपडे बिपडे घालून तयार, आणि गॅरेजसमोर भाजीवाल्या मावशींचा टेम्पो बंद पडला, क्लच वायर तुटलेली, मागे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि ऊन चढायला लागलेलं. यानं शटर वर केलं, हाताखालच्या पोराला फोन करून बोलावलं, दोघांनी मिळून वायर टाकली, पैसे फक्त वायरचे घेतले. चर्चला पोचला तेव्हा उपासना सुटत होती. गेटवर मंडळीतले एक वडीलधारे काका उभे, ते चारचौघांत म्हणाले, प्रभूचा दिवस सोडून धंदा करतोस, लाज नाही वाटत? हा भडकला. आणि नुसता भडकला नाही, काकांचा मुलगा घर सोडून गेलाय ते सगळ्यांना माहितीये, तेच काढलं यानं, आधी स्वतःचा पोरगा सांभाळा म्हणला. काका काही न बोलता निघून गेले.

मास्तर (रिटायर झालेत, संडे स्कूल अजून घेतात) पहिल्यांदा काकांच्या बाजूनं बोलले. म्हणाले, बघ, जीव वाचवायला शब्बाथ, म्हणजे देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, मोडला तर चालतो हे यहुदी शास्त्रीसुद्धा मानत होते, पण मेथी म्हणजे कुणाचा जीव नाही.

मी म्हणलं मास्तर, मग प्रभू येशूनं शब्बाथ दिवशी सभास्थानात बरा केला तो वाळलेल्या हाताचा माणूस घ्या की. त्याचा तरी कुठं जीव जात होता? हात आधीच वाळलेला होता, आणखी एक दिवस थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ती १८ वर्षं वाकलेली बाई आहे तिथं सभास्थानाचा अधिकारी नेमकं हेच म्हणतो, कामाचे सहा दिवस आहेत तेव्हा या आणि बरे व्हा, शब्बाथ दिवशी नको. ऐकायला किती बरोबर वाटतं! आणि प्रभू येशू काय म्हणतो, तुम्ही शब्बाथ दिवशी बैल गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही का, मग हिला सोडवायला नको? ज्याच्या घरी बैल आहेत त्याला हे समजवावं लागत नाही, तहानलेल्या जनावराला कुणी उद्या ये म्हणत नाही. मावशींची मेथी सोमवारी कोण घेणार होतं?

पुण्याला नोकरी करणारा आमचा एक जण सुट्टीला आलाय, तो मध्येच म्हणला की शब्बाथ मुळात शनिवार आहे, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी लोक, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. खरंय, पण वार कोणता यावर आमचं भांडण नव्हतंच.

गॅरेजवाला खूश झाला, म्हणला, झालं ना मग, मी बरोबर. आणि वर म्हणला राग तर येशूलाही आला होता.

आला होता, आणि मला इथंच थांबावंसं वाटतं कारण हे वचन आपण अर्धंच वाचतो. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात, त्या वाळलेल्या हाताच्याच गोष्टीत, त्यानं सभोवार रागानं पाहिलं असं आहे, पण त्याच ओळीत त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे तो खिन्न झाला असंही आहे, म्हणजे ज्यांच्यावर रागावला त्यांच्याचसाठी त्याला वाईट वाटत होतं. आणि रागाच्या पुढचं वाक्य काय, तर हात लांब कर. त्या दिवशी परूशी, म्हणजे नियमशास्त्राचे कडक यहुदी, तेही चिडलेच होते की! लूक तसं लिहितो. ते बाहेर पडले आणि हेरोदीयांना, म्हणजे हेरोद राजाच्या माणसांना, गाठून याचा घात कसा करायचा ते ठरवायला बसले. एकाच शब्बाथाला, एकाच जागी दोन राग, एकानं वाळलेला हात बरा केला आणि दुसऱ्यानं खुनाचा बेत केला. मी त्याला विचारलं, काकांच्या पोराचं नाव काढलंस तेव्हा तुला काकांबद्दल जरा तरी वाईट वाटत होतं का? तो माणूस रात्री घरी जाऊन किती रडला असेल. मेथीसाठी तुझं काळीज हललं, मग काकांसाठी का नाही हललं?

तो गप्पच झाला.

मग मास्तर हळूच म्हणाले, ते हाताखालचं पोरगं, त्याला सुट्टी कधी असते रे? हा म्हणला, नसते, काम असलं की बोलवतो. मास्तरांनी दहा आज्ञांतली चौथी म्हणून दाखवली, बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातली, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझ्या वेशीच्या आतला परका, सगळ्यांनी तुझ्यासारखाच विसावा घ्यावा, तूही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास ते आठव. म्हणाले, मेथीचं मी मागे घेतो, पण शब्बाथ आधी त्या पोराचा आहे, तुझा नंतर. काकांनी चुकीची गोष्ट धरली, पण तुझ्या गॅरेजात शब्बाथ मोडतोय हे खरं आहे, दर रविवारी मोडतोय.

मला एकदम नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती, तेव्हा १८८४ मध्ये त्यांनी संघटना उभी केली, मग सभा, अर्ज, मालकांशी भांडण, आणि १० जून १८९० पासून रविवार मिळाला. सत्यशोधक माणूस, रविवार खंडोबाचा वार म्हणून मागितला, पण त्या आज्ञेत जे लिहिलंय तेच त्यांनी गिरणी कामगाराला मिळवून दिलं असं मला मनापासून वाटतं. आणि आपण रविवारी चर्चमध्ये बसून ती आज्ञा पाठ म्हणतो.

गॅरेजवाला शेवटी कट्ट्यावर बसला. पोराला फोन लावला, म्हणला, या रविवारपासून येऊ नको, पगार कापणार नाही. तिकडून पोरगं घाबरून विचारत होतं की कामावरनं काढलं का, मग यानं दोनदा समजावून सांगितलं.

काकांचं काय म्हणून मी विचारलं. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ते वचन मास्तरांनी काढलंच. हा म्हणला, मेथीबद्दल मी माफी मागणार नाही. मास्तर म्हणाले, मेथीबद्दल कोण मागतंय, पोराबद्दल जे बोललास त्याबद्दल माग. सूर्य मावळायला आला होता, आणि सूर्य मावळण्याआधी राग सोडा हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन आम्हा सगळ्यांनाच येतं त्यामुळे कुणी बोललं नाही. चहाचा ग्लास ठेवून तो म्हणला, मास्तर तुम्ही चला बरोबर, मी एकटा गेलो तर परत भांडेन. दोघं मास्तरांच्या स्कूटरवर बसून गेले.