रविवारची भांडी

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणजे लेंतकाळ, आला की आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पावित्र्यावर प्रवचने होतात आणि उपासना संपल्यावर फाटकापाशी होणारे बोलणेही दरवर्षी तेच असते: कोणी मटण सोडले, कोणी चाळीस दिवस सिनेमा पाहणार नाही, कोणाच्या मुलाने दारू सोडल्याची साक्ष दिली. यात वाईट काहीच नाही. मीसुद्धा चहा सोडतो, आणि त्याचा खरा त्रास घरच्यांना होतो. परंतु पवित्र असणे म्हणजे काही गोष्टींपासून लांब राहणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

‘पवित्र’ यासाठी जो मूळ इब्री शब्द आहे त्यात वेगळे काढून ठेवण्याचा अर्थ आहेच. मात्र ज्या अध्यायाच्या आरंभी देव ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा’ असे सांगतो, तो बायबलमधील लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सलग वाचला तर हे वेगळेपण कोठे दिसावे अशी त्याची अपेक्षा आहे ते कळते. शेताच्या कडेचे पीक कापू नका आणि सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, चहाड्या करत फिरू नका, पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा, तराजू आणि मापे खरी ठेवा. (पिकल्या केसांचे वचन मला लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाल्यावर हमखास आठवते आणि नेमकी तेव्हाच झोपही येते.) पुढे येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पहिल्या पत्रात याच आज्ञेचा आधार घेतला, तोही ‘सर्व प्रकारच्या आचरणात’ असे बजावून.

याच अध्यायाच्या तेराव्या वचनात मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको असे म्हटले आहे. गेल्या वर्षी एका महिन्याच्या पाच तारखेला आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी ओले हात पदराला पुसत विचारले, “दादा, या महिन्याचं जमेल का आज?” त्यांची भिशी एक तारखेला असते आणि तो हप्ता त्यांनी शेजारणीकडून उसने घेऊन भरला होता, हे मला त्या दिवशी समजले. पैसे नव्हते असे मुळीच नाही. एटीएमपर्यंत जायचे राहून गेले होते, एवढेच. त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीच्या वर्गणीचे पाकीट मात्र मी, नाव आणि रक्कम नीट अक्षरात लिहून, थैलीत टाकले होते. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या, चौपट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आणि वर मलाच “उपकार झाले” असे म्हणाल्या. हा शब्द माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३९ साली, एकांतात जाऊन बसणाऱ्या धर्माविरुद्ध लिहिताना, सामाजिक पावित्र्याखेरीज दुसरे पावित्र्य ख्रिस्ताच्या सुवार्तेला ठाऊक नाही असे म्हटले होते. कॅथलिक बांधवांना पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये लिहिलेल्या पत्रातली, बाजारात शेजारणीशी बोलताना कुचाळकी सुरू होताच ‘मी कोणाबद्दल वाईट बोलणार नाही’ असे मनाशी ठरवणारी बाई आठवेल. मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो जुन्या करारातला संदेष्टा जखऱ्या. महायाजकाच्या (यहुद्यांच्या मुख्य याजकाच्या) मंदिलावरील, म्हणजे फेट्यावरील, सोन्याच्या पट्टीवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ ही अक्षरे कोरलेली असत. जखऱ्या आपल्या शेवटच्या अध्यायात सांगतो की, एक दिवस हीच अक्षरे घोड्यांच्या घंटांवर असतील आणि यरुशलेमेतले प्रत्येक भांडे पवित्र होईल. याजकाच्या कपाळावरचे शब्द थेट रस्त्यावर आणि स्वयंपाकघरात उतरतात, याहून धीट कल्पना मला शास्त्रात क्वचितच आढळली आहे.

मावशींचा पगार आता एक तारखेला सकाळी हातात पडतो. ते सोपे होते. अवघड गोष्ट निराळीच निघाली. आम्हाला साडेआठच्या उपासनेला वेळेवर पोहोचता यावे म्हणून मावशी रविवारी साडेसहालाच डोंगरावरच्या वस्तीतून उतरून येतात, आणि शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आज्ञेत तर दास आणि दासी यांचाही विश्रांतीसाठी स्पष्ट उल्लेख आहे. ही बाब मी जेवताना काढली तेव्हा आई म्हणाली, “मग शनिवारी रात्रीची भांडी कोण घासणार?” मुलगा ताट उचलून आत गेला, बायको माझ्याकडे पाहत राहिली. मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी देऊन आता तीन आठवडे झाले आहेत. पहिल्या शनिवारी मी कढई तशीच सोडून दिली होती. ती सोमवारी मावशींनीच घासली.