आमच्याकडे कुणी पीत नाही

गुजरातेतली दारूबंदी ठेवावी की उठवावी, या भांडणात मला पडायचं नाही. २०२३ च्या डिसेंबरात सरकारनं गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्त-केंद्रापुरती थोडी मोकळीक दिली, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे भांडण दर दोन-तीन महिन्यांनी पेटतंच. एक बाजू गांधीजींना पुढे करते, दुसरी सरकारी तिजोरीला. एका बाबतीत मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत असतं: पिणारे ते, आपण नव्हे. वस्तीतले पितात, फार्महाऊसवाले पितात, आपल्या मराठी घरांत तसलं काही नाही.

मी बडोद्यात, रावपुऱ्यात औषधाचं दुकान चालवते. त्यामुळे हे वाक्य मला काउंटरच्या आतून ऐकायला मिळतं. गिऱ्हाईक आधी डोकेदुखीची गोळी मागतं, मग पित्ताची, आणि सुटे पैसे मोजता मोजता हळूच, "बेन, लिवर माटे कोई सारी दवा आपो ने" (ताई, लिव्हरसाठी एखादं चांगलं औषध द्या ना). मराठी माणूस असेल तर तेच जरा फिरवून, "भूकच लागत नाही हो, एखादं टॉनिक द्या." पिणं वगैरे आहे का, असं विचारलं की मान आधी हलते, तोंड नंतर उघडतं. "छे छे! गुजरातमध्ये कुठून?"

म्हणे कुठून! शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे कुठून. देशीची पोटली अड्ड्यावर, 'इंग्लिश' फोनवर. माल दमणहून येतो, राजस्थानातून येतो, मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरकडून येतो. थर्टी फर्स्टला नाक्यानाक्यावर पोलीस तोंडं हुंगतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जप्त बाटल्यांवर रोलर फिरवल्याचा फोटो. पुण्याचे पाहुणे आले की आपलेच लोक ऐटीत सांगतात, "तुम्हाला कुठली हवी ते बोला."

मूळ कायदा मुंबई राज्याचा, १९४९ चा. त्याच वर्षी १ मे रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि हा कायदा आपसूक आपल्याला लागू झाला. १९६० मध्ये दोन राज्यं झाली तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला गेला. महाराष्ट्रानं परवान्यांची वाट मोठी केली, गुजरातनं बंदीच ठेवली. (गंमत म्हणजे १९०७ साली आपल्याच बडोद्यात निघालेली अलेंबिक ही मुळात टिंक्चर आणि अल्कोहोल बनवण्यासाठी काढलेली कंपनी. औषधातला अल्कोहोल आणि पिण्यातला अल्कोहोल यांत रेघ कुठे मारायची, यावर मुंबईच्या कायद्याचं प्रकरण १९५१ मध्ये थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं.)

बंदीचा काहीच उपयोग नाही, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी १९ टक्क्यांच्या आसपास पिणारे निघाले. मध्य प्रदेशात सुमारे १७, महाराष्ट्रात जवळपास १४ आणि गुजरातमध्ये सहाच्याही आत. आता दारात उभ्या असलेल्या सर्वेक्षणवाल्या बाईपुढे गुन्हा कोण कबूल करणार, त्यामुळे आपला आकडा थोडा कमीच लागला असणार. पण एवढी तफावत निव्वळ खोटं बोलण्यानं पडत नाही. नवरात्रीत रात्री उशिरा गरबा आटपून मुली स्कूटीवरून बिनघोर घरी येतात, त्याचं थोडं श्रेय मी बंदीलाही देते. उलट बिहारनं २०१६ मध्ये बंदी आणली आणि त्याच सर्वेक्षणात तिथले पिणारे पुरुष महाराष्ट्राहून जास्त निघाले. म्हणजे नुसता कायदा केला की झालं, असंही नाही.

पण मला बोलायचंय ते वेगळ्याच आकड्याबद्दल. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून देशभराची पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यात बाईमाणूस एक, तर पुरुष सतरा. यातल्या साधारण ५.७ कोटी लोकांचं पिणं उपचाराची गरज पडावी इतकं वाढलेलं, म्हणजे पिणाऱ्या दर तिघांतला एक. आणि त्यातले सुमारे २.९ कोटी पूर्ण आहारी गेलेले. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांतला एक. इथवर ठीक आहे, अंदाज असतोच. खरी मेख पुढे: आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळालेला होता.

मधुमेहाच्या ३८ रुग्णांपैकी एकालाच गोळी मिळते असं कळलं असतं, तर आपण मोर्चे काढले असते. इथे कुणाला काही वाटत नाही, कारण हा आजार आहे हेच मुळी मान्य नाही. सोडायची इच्छाच नाही, मनावर ताबा नाही, बायकोचा धाक नाही, झालं. त्यात आपल्या राज्यात आणखी एक पदर. इथे पिणारा माणूस डॉक्टरपुढे बसतो तो आधी गुन्हेगार म्हणून आणि मग रुग्ण म्हणून. दारू पिण्याबद्दलचं ६६(१)ब हे कलम त्याला पाठ असतं, पण व्यसनमुक्तीची ओपीडी कुठल्या वारी असते हे विचारायची हिंमत होत नाही.

गेल्या पावसाळ्यात दुपारी एक ताई दुकानात आल्या. चांगल्या घरातल्या, हातात भाजीची पिशवी. नवऱ्याला ताप आलाय, अंग थरथरतंय, काहीतरी द्या म्हणाल्या. ताप किती? मोजला नव्हता. मग म्हणाल्या, घाम फुटतोय, रात्रभर झोप नाही, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणतायत, आणि भिंतीवर काहीच नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं असेल. मी आवाज खाली घेऊन विचारलं, "ताई, रोजचं घेणं होतं का?" नाही म्हणाल्या. मी गप्प राहिले. मागचं गिऱ्हाईक गेल्यावर त्या म्हणाल्या, "परवापासून बंद केलंय. आम्हीच खोलीत कोंडून ठेवलंय. देवापुढे शपथ घातलीय."

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होऊ शकतं. नसा दारूच्या सवयीनं दबलेल्या असतात, तो दाब एकदम उठतो आणि मेंदू उधळतो. कंप, झटके, भास. उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो, आणि तोही सोडली म्हणून! दवाखान्यात भरती केलं, ठरावीक औषध मात्रा कमी कमी करत दिलं, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली की बहुतेक जण यातून नीट बाहेर येतात. ही औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि मी देतही नाही. मी त्यांना रिक्षात बसवून सरळ इमर्जन्सीला पाठवलं. जाताना त्यांचा एकच प्रश्न होता: "पोलिसांना कळवतील का हो?"

आणखी एक मागणी बायका करतात, तीही आडून. जेवणात मिसळायची पावडर. 'त्याला कळणारही नाही, दारूचा वास नकोसा होईल,' असल्या जाहिराती मोबाईलवर धो धो येतात. त्यात काय असतं ते देव जाणे. डायसल्फिरॅम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. वरणातून चोरून दिलंत आणि तो संध्याकाळी पिऊन आला, तर बसा बोंबलत.

लपवाछपवीची सगळ्यात मोठी किंमत लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूच्या बळीकांडात, मोजावी लागते. १९८९ मध्ये आपल्या बडोद्यातच शंभराहून जास्त माणसं गेली, २००९ मध्ये अहमदाबादेत तेवढीच, २०२२ मध्ये बोटादकडे चाळीसच्या वर. मिथाईल अल्कोहोल पोटात गेलं की लगेच काही कळत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, बारा-चोवीस तासांनी दिसायला धूसर लागतं. वेळेवर डायलिसिस मिळालं तर माणूस वाचतो, डोळेही वाचू शकतात. पण पहिले काही तास 'कुणाला सांगू नका' यातच गेले तर? २००९ नंतर असली दारू बनवून माणसं मारणाऱ्याला फाशीपर्यंतची तरतूद झाली. पिणाऱ्यानं न घाबरता दवाखाना गाठावा, यासाठी तेवढ्या जोरानं काय झालं?

हेल्थ परमिट, म्हणजे दारू पिण्याचा सरकारी परवाना, हा तर वेगळाच चमत्कार. चाळिशीनंतर तब्येतीच्या कारणानं, वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीवर, वयाप्रमाणे महिन्याचा कोटा. आणि २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटना सांगून बसली की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. पिण्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी मिळवायला आपण लाजत नाही, सोडण्यासाठीची मात्र रुमालात गुंडाळून आणतो.

आता मुद्द्यावर येते. आमच्या मंडळाचं यंदाच्या गणेशोत्सवातलं आरोग्य शिबिर ठरतंय. साखर, बीपी, डोळे, हाडं, सगळी टेबलं आहेत. मी म्हटलं, एक टेबल दारूचं ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, चाळीसपैकी गुण, आठ किंवा जास्त आले तर सांभाळा, वीस किंवा जास्त तर तज्ज्ञाकडे जा. नाव लिहायचं नाही, कागद स्वतःच भरायचा, स्वतःच बेरीज करायची आणि खिशात घालून घरी न्यायचा. मराठीत मी करून देते, झेरॉक्सचा खर्चही माझा.

सेक्रेटरीकाका म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण बाप्पाच्या मांडवात? आणि त्या टेबलाशी उभं कोण राहणार?" मी म्हटलं, तुम्ही नि मी. मग खजिनदार म्हणाले की देणगीदार काय म्हणतील. रविवारी पुन्हा मीटिंग आहे. मंडळाचे जे सभासद हे वाचतायत त्यांनी कृपया लाईक ठोकून गप्प बसू नका, साडेदहाला या आणि हात वर करा. माझ्या बाजूनं आत्तापर्यंत तीन मतं आहेत, त्यातलं एक माझ्या जावेचं.